विसाव्या मिलिसेकंदाची लाट

ज्या पटाबद्दल लिहायचं आहे तो पाहताक्षणी कुणी थबकावं असा नाही. पडद्यावर एकाखाली एक रचलेल्या शंभर-सव्वाशे बारीक रेघा. प्रत्येक रेघ डावीकडून निघते, थोडी सरळ जाते, एक टोकदार उंचवटा घेते, लगेच खोल उतरते आणि मग हेलकावत उजवीकडे विरून जाते. वेळ वरून खाली वाहते. सर्वांत वरची रेघ कवटी उघडण्याआधीची, सर्वांत खालची टाके घालतानाची. मेंदूतल्या धमनीला आलेला फुगा, म्हणजे अन्युरिझम, क्लिप लावून बंद करत असताना भूल दिलेल्या माणसाच्या मेंदूची काय अवस्था होती, त्याची ही नोंद. ऑपरेशन संपलं की ती फाइलला लागते आणि सहसा पुन्हा कुणी उघडत नाही. मायक्रोस्कोपमधून घेतलेला व्हिडिओ परिषदांमध्ये दाखवला जातो, सर्जनचं कौतुक होतं, आणि ते व्हायलाच हवं. पण मला विचाराल तर त्या दिवसाचं अधिक उत्कंठेचं वाचन या रेघांतच असतं.

इथे उलगडतो आहे तो पट कुणा एका रुग्णाचा नव्हे. असे अनेक पट पाहून जो नमुना डोळ्यांत बसतो तो समोर ठेवला आहे. आकडे ‘समजा’ म्हणून घ्यायचे. फुगा डाव्या मधल्या सेरेब्रल धमनीवर, ती जिथे दोन फांद्यांत फुटते त्या बेचक्यात. फुगे यायची ही नेहमीची जागा.

आधी एकच रेघ घेऊ. उजव्या मनगटात तळहाताच्या बाजूने मीडियन नर्व्ह त्वचेच्या अगदी जवळून जाते. तिथे विजेचा एक बारीक झटका द्यायचा, अंगठा जेमतेम उडेल इतका. संदेश निघतो. नवव्या मिलिसेकंदाच्या सुमारास तो खांद्याजवळ, गळ्याच्या हाडाच्या वर पोचलेला असतो, तेराव्याला मानेत, आणि विसाव्याच्या आसपास डाव्या मेंदूच्या पृष्ठभागावर. तिथे जी लाट उठते तिला एन-२० म्हणतात. ‘एन’ हे ऋणभाराचं अक्षर, आणि ऋण असूनही ती पटावर वर चढते, कारण या शास्त्रात ऋण वर आणि धन खाली काढायची जुनी रीत आहे. नवख्याला काही दिवस सगळीच चित्रं उलटी वाटतात, मग हळूहळू तेच सरळ वाटू लागतं.

ही लाट उठते ती जागाही पाहण्यासारखी. मेंदूच्या दोन्ही अर्धांवर पुढचा आणि मागचा भाग वेगळा करणारी एक खोल घळ असते; तिच्या मागच्या भिंतीत हाताच्या संवेदनेचा पट्टा आहे. भिंत उभी असल्यामुळे लाट घळीच्या मागे ऋण दिसते आणि पुढे धन. गाठीच्या ऑपरेशनांत सर्जन याच गुणाचा उपयोग करून घळ नेमकी कुठे आहे ते शोधतात. आपल्याला इथे दुसरीच गोष्ट महत्त्वाची: त्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या फांद्या मधल्या सेरेब्रल धमनीच्या आहेत. फुगा जिच्यावर, लाटही तिच्याच जिवावर. पायाच्या नसेला झटका दिला की सदतिसाव्या मिलिसेकंदाच्या सुमारास जी लाट येते ती मेंदूच्या आतल्या कडेची, पुढच्या सेरेब्रल धमनीच्या हद्दीतली. म्हणून फुगा कुठे आहे हे कळलं की अनुभवी माणूस आधी ठरवतो, आज नजर कुठल्या लाटेवर ठेवायची. फुगा मागच्या बाजूला, बॅसिलर धमनीवर असेल तर चारही हातपाय पाहायचे आणि कानात टकटक वाजवून मेंदूच्या देठाची लाटही घ्यायची.

एन-२० ची उंची किती? आपल्या पटावर २.४ मायक्रोव्होल्ट. मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. आणि मेंदूची स्वतःची, कायम चाललेली विद्युत खळबळ याच्या दहा-वीस पट मोठी. म्हणजे ही लाट एका झटक्यात कधीच दिसत नाही. ती खळबळीच्या पोटात बुडालेली असते. ती वर काढायची युक्ती लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या जॉर्ज डॉसन यांची. १९४७ मध्ये त्यांनी एकामागून एक झटक्यांच्या रेघा एकाच फोटोवर एकावर एक उतरवल्या. जे दर वेळी त्याच जागी येतं ते गडद झालं, बाकीचं पुसट राहिलं. १९५१ मध्ये त्यांनी बेरीज करणारं यंत्रच दाखवलं: फिरता स्विच आणि त्याला जोडलेली कॅपॅसिटरची रांग. जत्रेच्या कल्लोळात कुणी एकजण ठरावीक ठेक्यावर टाळ वाजवत असेल, आणि त्या ठेक्याच्या क्षणांचेच आवाज तुम्ही शेकडो वेळा एकावर एक रचलेत, तर माणसांचा कोलाहल एकमेकांना खाऊन टाकेल आणि टाळ उरेल. तसंच हे.

या युक्तीत एक बारकावा मला फार आवडतो. झटके सेकंदाला पाच देत नाहीत, ४.७ देतात. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आंदोलनांची. पाचाने पन्नासला बरोबर भाग जातो, त्यामुळे पाचच्या वेगाने झटके दिले तर दर झटक्याला विजेची गुणगुण त्याच टप्प्यावर भेटेल आणि टाळाबरोबर तीही साचत जाईल. ४.७ ठेवलं की ती दर वेळी वेगळ्या टप्प्यावर सापडते आणि बेरजेत विरते. यंत्राच्या सेटिंगमध्ये हा आकडा मुकाट बसलेला असतो. रोज वापरणाऱ्यालाही तो विषम का, असा प्रश्न पडत नाही.

मात्र या बेरजेची किंमत आहे. दोनशे झटक्यांची सरासरी म्हणजे जवळजवळ ४३ सेकंद. पडद्यावर रेघ उमटते तेव्हा ती गेल्या पाऊण मिनिटाचा गोषवारा असते, आत्ताची बातमी नसते. पट वाचताना हे सतत ध्यानात ठेवावं लागतं. पुढे ज्या मिनिटांकडे आपण जाणार आहोत तिथे पाऊण मिनिट ही मोठी गोष्ट आहे.

सर्वांत वरच्या काही रेघांना बेसलाइन म्हणतात, आणि तरुण डॉक्टर त्यांच्याकडे फॉर्म भरल्यासारखं पाहतात. मला वाटतं पटाचा निम्मा अर्थ तिथेच ठरतो. दर माणसाची लाट वेगळी. कुणाची उंच आणि अरुंद, कुणाची बुटकी आणि रुंद खांद्यांची, कुणाच्या टोकाला बारीकशी खाच. जुना मधुमेह असलेल्या माणसाची लाट ठेंगणी असते आणि उशिरा येते. तिच्याकडून पुढे तीन तास उंचीची अपेक्षा धरण्यात अर्थ नसतो. भूल कशी दिली आहे त्यावरही सगळं अवलंबून. भुलीचे वायू या लाटांना दाबतात, म्हणून भूलतज्ज्ञ शिरेतून प्रॉपोफॉल आणि वेदनाशामक संथ चालू ठेवतात. नळी घालून झाली की स्नायू ढिले करणारं औषध पुन्हा देत नाहीत, कारण पुढे स्नायूंकडूनच उत्तर हवं आहे. आपल्याकडे हे मॉनिटरिंग कुठे न्यूरोफिजिओलॉजिस्ट करतात, कुठे भूलतज्ज्ञच, कुठे तयार टेक्निशियन. कुणीही असो, त्याचं आणि भूल देणाऱ्याचं जमत नसेल तर पट वाचता येत नाही.

आणि एक बेसलाइन पुरत नाही. मेंदूवरचं जाड आवरण उघडलं, पाणी वाहून गेलं, की मेंदू थोडा खाली बसतो आणि कवटीच्या आत वरच्या बाजूला हवा शिरते. हवा वीज नेत नाही. त्यामुळे लाट थोडी बुटकी दिसते आणि मेंदूला काहीही झालेलं नसतं. जाणकार इथे दुसरी बेसलाइन घेतो आणि पुढची सगळी तुलना तिच्याशी करतो. आपल्या पटावर सकाळची २.४ आता २.१ झाली आहे. २.१ हा आजचा आकडा.

असा आकडा हाती नसतानाही ही ऑपरेशनं होत असत. न्यूरोसर्जन वॉल्टर डँडी यांनी २३ मार्च १९३७ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये फुग्याच्या मानेवर चांदीची क्लिप बसवली. फुगा नेमका मानेशी बंद करून धमनी चालू ठेवण्याचं ते पहिलं मोठं उदाहरण. त्या दिवशी टेबलावरच्या माणसाचा मेंदू कसा आहे हे कळायला नाडी, रक्तदाब आणि श्वास एवढंच होतं. रुग्ण जागा झाल्यावर हात हलवतो का ते पाहायचं. पुढे मायक्रोस्कोप आला, क्लिपचे आकार बदलले, स्प्रिंगा सुधारल्या. जागं होईपर्यंत वाट पाहण्याचा प्रकार मात्र बराच काळ तसाच राहिला.

आता पटाचा गाभा. फुगा ताणलेला असताना त्याच्या मानेभोवती काम करणं धोक्याचं. हात लागला आणि फुटला तर रक्ताने सगळं भरून जातं. म्हणून सर्जन फुग्याच्या अलीकडे, मूळ धमनीवर, तात्पुरती क्लिप लावतो. फुगा मऊ पडतो. मोकळेपणाने मान सोडवता येते. त्याच वेळी त्या धमनीपुढच्या मेंदूचा पुरवठा तुटलेला असतो, आणि आजूबाजूच्या वाटांनी जे काही रक्त येईल तेवढ्यावर त्याने तग धरायचा असतो. ते कुणाला किती येतं हे आधी खात्रीने सांगता येत नाही. कुणाचा मेंदू पंधरा मिनिटं काढतो, कुणाचा तीन मिनिटांत कुरकुरतो.

इथेच हा पट वाचण्याजोगा का आहे ते कळतं. पुन्हा क्वीन स्क्वेअर. सत्तरच्या दशकात लिंडसे सायमन, ब्रॅन्स्टन, अ‍ॅस्ट्रप आणि सहकाऱ्यांनी बेबून माकडांवर मधली सेरेब्रल धमनी बंद करून पाहिलं. मेंदूच्या शंभर ग्रॅमला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त लागतं. पुरवठा २० च्या खाली उतरला की लाट खचू लागते आणि १५ च्या सुमारास ती जाते. पण पेशी अजून मेलेली नसते. तिच्या भिंती कोलमडून आतलं पोटॅशियम बाहेर सांडतं ते बरंच खाली, ६ च्या आसपास. मधल्या पट्ट्यात पेशी गप्प असते आणि जिवंत असते. तिला रक्त परत मिळालं तर ती पुन्हा बोलू लागते. फार वेळ मिळालं नाही तर त्या पट्ट्यातही मरते. ही गोष्ट १९७७ मध्ये छापली गेली, आणि माझ्या मते या सगळ्या विद्येचा आधार तिच्यात आहे. लाट जाणं आणि मेंदू जाणं एकाच क्षणी घडत असतं तर आपला पट म्हणजे मृत्यूची नोंदवही झाला असता, त्याचा कुणालाच उपयोग नव्हता. दोन्हींच्या मध्ये फट आहे, म्हणून वाचणाऱ्याला काम आहे.

पटावर ११.४२ ला बाजूला टिपण आहे: तात्पुरती क्लिप. त्याआधी ओटीत सर्जन आणि मॉनिटरवर बसलेली मॅडम यांच्यात काय बोललं जातं तेही ठरलेलं असतं.

“मॅडम, क्लिप लावतोय.”

“हो सर. घड्याळ लावलं.”

पुढच्या रेघा अगदी सावकाश वाचायच्या. पहिल्या मिनिटाची रेघ: उंची २.०, टोक २०.१ मिलिसेकंदावर. काही नाही. दुसरी: १.९, टोक २०.३. तिसरी: १.८, टोक २०.६. पुस्तकातला नियम सांगतो की उंची निम्म्यावर आली किंवा वेळ दहा टक्क्यांनी, म्हणजे इथे दोन मिलिसेकंदांनी, लांबली तर सांगावं. नियमाच्या हिशेबी अजून काहीच घडलेलं नाही. पण तीन रेघा एकाखाली एक ठेवून पाहा. टोक उजवीकडे सरकतं आहे, एकदाही मागे न येता. नुसता कोलाहल असता तर ते थोडं इकडे, थोडं तिकडे गेलं असतं. एका दिशेने ओळीने सरकणारं टोक म्हणजे संदेश कुठेतरी रखडतो आहे. शिवाय टोकाची खाच बुजली आहे. सकाळी ती होती. टोकाच्या मागे येणारा खळगा उथळ झाला आहे. आणि मान व खांद्याजवळच्या लाटा जशाच्या तशा, डाव्या हाताची म्हणजे उजव्या मेंदूची लाट जशीच्या तशी. म्हणजे वाट मानेपर्यंत मोकळी आहे, भूल बदललेली नाही, जे काही आहे ते डाव्या मेंदूत आहे. हे सगळं एका नजरेत उमगणं हीच या विद्येतली खरी रसिकता. निम्म्याचा नियम ज्याला लाट ओळखीची नाही त्याच्या सोयीसाठी आहे.

“सर, उजवा हात सरकायला लागलाय. उंची अजून बरी आहे.”

हे वाक्य नीट पाहण्यासारखं आहे. यात ‘क्लिप काढा’ नाही. घाबरवणारा आवाज नाही. बाजू आहे, काय बदललं ते आहे, आणि किती ते आहे. सर्जन तोंड वर न करता भूलतज्ज्ञाला प्रेशर वाढवायला सांगतो. रक्तदाब वीस-तीसने वर गेला की शेजारच्या वाटांनी थोडं अधिक रक्त ढकललं जातं. चौथ्या मिनिटाची रेघ १.६. पाचवी १.६. वेग मंदावला. सहावी १.१, टोक २१.४.

“सर, निम्म्यावर.”

“काढतो.”

क्लिप निघते. त्यानंतरच्या रेघा पटातला माझा सर्वांत आवडता भाग. लाट झटकन परत येत नाही. आधी टोक मागे, आपल्या जागी सरकू लागतं, उंची तशीच ठेंगणी. मग उंची येते. खाच सर्वांत शेवटी. सहा मिनिटांनी २.० आणि खाच जागेवर. आता पुन्हा क्लिप लावता येईल, या वेळी चार मिनिटांपुरती. तेवढ्यात मान सोडवून झालेली असेल. एका लांब बंदऐवजी दोन-तीन लहान बंद, मध्ये मेंदूला श्वास घ्यायला वेळ. हा निर्णय सर्जनचा. पण पहिल्या बंदमध्ये हा मेंदू किती सोसतो ते पटाने सांगितलं नसतं तर त्याने तो घड्याळावर घेतला असता.

लाट पडायला रक्त तुटणं हे एकच कारण नसतं, आणि खऱ्या वाचकाची कसोटी तिथे लागते. रक्तस्राव थांबवणारी विजेची कॉटरी चालू झाली की सगळा पट गवतासारखा विस्कटतो. ती बंद झाली की साफ. यात कुणी फसत नाही. कुणी न सांगता प्रॉपोफॉलचा बोलस, म्हणजे एकदम जादा डोस, दिला, तर दोन्ही बाजूंच्या मेंदूच्या लाटा एकदम खाली येतात आणि मानेची शाबूत राहते. थंड सलाइनने मेंदू धुतला तर त्याच बाजूचं टोक उशिरा येतं आणि ऊब आली की परततं. सर्वांत गमतीचा प्रकार हाताचा. चादरींखाली उजवा हात कुणाच्या तरी टेकण्याने दबला, तर लाट पडते, पण खांद्याजवळचीही पडते. मेंदूचा त्यात दोष नाही. सिस्टरने चादर उचलून हात नीट ठेवला की प्रश्न मिटतो. आणि खरंच, तो हात दोन तास तसाच राहिला असता तर उठल्यावर बधिर झाला असता. मेंदूची राखण करायला बसलेल्या माणसाने हात वाचवलेला असतो.

आता पटाची दुसरी बाजू. वर वर्णन केलेली लाट संवेदनेची आहे. ती मेंदूच्या पृष्ठभागाची बातमी देते. पण मधल्या सेरेब्रल धमनीच्या खोडातून केसासारख्या बारीक फांद्या सरळ खोल मेंदूत जातात, आणि हालचालीचे तंतू जिथे एकत्र दाटीने खाली उतरतात त्या भागाला पोसतात. यातली एखादी क्लिपच्या पात्यात चिमटली गेली तर संवेदनेची लाट डौलात उभी राहते आणि रुग्ण जागा होतो तो अर्धांगवायू घेऊन. अँटीरियर कोरॉइडल नावाच्या छोट्या धमनीबाबतही हेच. संवेदनेवरच विसंबलेल्या काळात हे घडत असे, म्हणून हालचालीची वाट तपासायची सोय हवी होती.

ती यायला वेळ लागला. मर्टन आणि मॉर्टन यांनी १९८० मध्ये दाखवलं की शाबूत कवटीवरून विजेचा झटका देऊन हालचालीचा मेंदू जागवता येतो आणि विरुद्ध बाजूचा हात हलतो. पण ते जाग्या माणसात. भुलीत एका झटक्याने काही होईना. १९९३ मध्ये तानिगुची, चेडझिख आणि श्राम यांनी एकाऐवजी पाच झटक्यांची लगोलग मालिका द्यायची पद्धत सांगितली. एकापाठोपाठ येणारे धक्के पाठीच्या कण्यातल्या पेशीवर साचतात आणि शेवटी ती पेटते. आज ओटीत वापरली जाणारी एमईपी, म्हणजे हालचालीच्या वाटेची तपासणी, याच पायावर.

एमईपीची रेघ एन-२० सारखी घडवलेली नसते. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या स्नायूत दोन सुया, आणि पडद्यावर एक खडबडीत, अनेक शेंड्यांची झुडूपवजा आकृती, दर वेळी थोडी वेगळी. तिचं सौंदर्य शोधायला मी जाणार नाही. तिचा गुण ताजेपणा: सरासरी नाही, झटका दिला की त्याच सेकंदाला उत्तर. आणि तिचा त्रास असा की रुग्णाचं अंग हलतं. सर्जनच्या हत्याराचं टोक त्या क्षणी फुग्याच्या मानेवर असेल तर हलून चालत नाही. म्हणून दर वेळी विचारावं लागतं, “सर, स्टिम देऊ?” आणि तो हात थांबवून “द्या” म्हणतो. दातांमध्ये मऊ गुंडाळी ठेवलेली असते, नाहीतर जबडा आवळून जीभ चावली जाईल. चार-पाच तासांत उत्तरं आपोआप मंदावतात, झटका थोडा थोडा वाढवावा लागतो.

या वाढवण्यात एक सापळा आहे, आणि चांगला आणि सामान्य वाचक यांतला फरक मला तिथे दिसतो. झटका फार जोराचा केला तर वीज मेंदूच्या पृष्ठभागावर न थांबता खोल शिरते आणि हालचालीच्या तंतूंना खालीच, इजा झाली असेल त्या जागेच्याही पलीकडे, पेटवते. उत्तर ठणठणीत येतं. वरचा मेंदू उपाशी असतो आणि पडदा सगळं आलबेल सांगतो. मोठी आकृती पाहून सुखावणाऱ्या माणसाच्या हातून हे होतं. जाणता माणूस झटका मुद्दाम उंबरठ्याच्या जेमतेम वर ठेवतो, बारकी, घाबरट आकृती पत्करतो, कारण तीच खरं बोलते. विरुद्ध बाजूच्या हाताबरोबर त्याच बाजूचा हातही उडतो का, हेही तो बघतो. तो उडाला तर झटका खोल चालला आहे.

आपल्या पटावर कायमची क्लिप १२.१९ ला बसली. एन-२० पुरती उभी: २.०, खाच जागेवर. इथे पट मिटला असता तर सगळे खूश. १२.२१ ला विचारून स्टिम. डावा हात नेहमीसारखा. उजव्या हाताची आकृती एक चतुर्थांश. पुन्हा स्टिम. उजवा हात कोरा.

“सर, उजवा मोटर गेला. सेन्सरी ठीक आहे.”

हे दोन छोटे निरोप एकत्र ठेवले की ठिकाणच सापडतं. पृष्ठभागाला रक्त आहे. खोल वाटेला नाही. कुठली तरी बारीक फांदी पात्यामागे अडकली आहे. सर्जन क्लिपच्या मागे बारीक हत्याराने पाहतो, मागे लपलेली फांदी दिसते, क्लिप सैल करून दोन मिलिमीटर पुढे घेतो. तीन मिनिटांनी उजवा अंगठा पुन्हा उडतो.

क्लिप बसल्यावर धमनी उघडी आहे का हे पाहायला इतरही साधनं आहेत. पेन्सिलीसारख्या बारीक डॉप्लरने धमनीतल्या रक्ताचा सूं-सूं आवाज ऐकता येतो. शिरेत हिरवा रंग सोडून मायक्रोस्कोपखाली धमन्या चकाकताना पाहता येतात. आंद्रेआस राबे आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये पुढे आणलेली ही पद्धत आता सर्वत्र आहे आणि दिसायला विलक्षण देखणी आहे. पण तिला मायक्रोस्कोपच्या नजरेत असलेलंच दिसतं. फुग्याच्या मागे दडलेली फांदी तिला दिसत नाही, आणि दिसलेल्या धमनीतून पुढे पुरेसं पोचतं का हेही ती सांगत नाही. देखण्या चित्रावर भिस्त ठेवून मॉनिटरिंग वगळणाऱ्यांशी माझं जमत नाही. कॉइलने फुगा भरण्याची पद्धत आल्यापासून उघडी ऑपरेशनं कमी झाली, हे खरं. जी उरली ती बहुधा अवघड आहेत, आणि कॉइल भरतानाही हेच पट चालू ठेवणारी केंद्रं आहेत.

या विद्येविरुद्ध एक आक्षेप आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लाट पडली, सर्जनने क्लिप हलवली, लाट परतली, रुग्ण हात हलवत उठला. मग ती लाट खरी धोक्याची होती की नुसताच खोटा गजर? क्लिप न हलवता थांबून पाहिलं असतं तरच कळलं असतं, आणि तसं कुणी करणार नाही. म्हणून यश मोजता येत नाही. अपयश मात्र ढळढळीत दिसतं, कारण लाट उभी असून रुग्ण अर्धांगवायूत उठला की तो आकडा होतो. जी प्रकाशनं यशाची टक्केवारी ठासून सांगतात त्यांच्याकडे मी थोडा संशयाने पाहतो. १२.२१ चा तो कोरा पट्टा मात्र मला पटतो, कारण तिथे अंदाज आधी बोलून दाखवला गेला आणि मायक्रोस्कोपखाली तो फांदीच्या रूपाने सापडला.

एक शेवटची कुरबुर. बऱ्याच पटांमध्ये शेवटची रेघ क्लिपनंतर दहा-पंधरा मिनिटांची असते. सर्जनने हुश्श केलं, मॉनिटरवाल्याने सुया काढायला घेतल्या. मेंदूला धरून ठेवणारे रिट्रॅक्टर निघतात तेव्हा मेंदू आपल्या जागी परत येतो आणि क्लिपला ढकलू शकतो. कललेली क्लिप धमनीला पीळ घालू शकते. आपल्या पटावर १२.५० ला रिट्रॅक्टर निघाले आणि उजव्या हाताची एन-२० १.७ झाली, मग पुन्हा १.९. काही नव्हतं. पण ते काही नव्हतं हे कळायला त्या दोन रेघा घ्याव्या लागल्या, आणि त्या घेणारी मॅडम १.३५ पर्यंत, त्वचेचा शेवटचा टाका पडेपर्यंत, खुर्चीत बसून होती.